गाडी मिसिंग मारतेय? मोबाईलवर कोड दिसला म्हणून लगेच कॉईल मागवू नका

मी इथे नेहमी फोन, ॲप आणि परमिशन यांवर लिहितो. आजचा विषय गाडीचा आहे, पण फोन यातही आहे आणि माझी एक चूकही आहे. ती चूक तुम्ही करू नये म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुलैमधली गोष्ट. शनिवारी सकाळी गावाहून, म्हणजे तासगावहून, अण्णांचा फोन आला. "गाडी मिसिंग मारतीया. पिकअपच न्हाई." आमच्या आबांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला डायलिसिसला न्यावं लागतं. शुक्रवारी येतानाच गाडीने आचके द्यायला सुरुवात केली होती आणि मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकत होता. जवळच्या गॅरेजवाल्याने पाच मिनिटं आवाज ऐकला आणि ईसीयू गेलाय, १८ हजारांपर्यंत जाईल असं सांगितलं. अण्णा म्हणाले, एवढे घालण्यापेक्षा विकून टाकू. मी म्हटलं, थांबा, मी येतो. डोंगल बॅगेत टाकला आणि एसटी पकडली. मंगळवारला तीन दिवस होते.

आधी त्या दिव्याबद्दल

चेक इंजिनचा दिवा दोन प्रकारे लागतो. नुसता लागून राहिला तर काहीतरी बिघडलंय, लवकर बघून घ्या. लुकलुकायला लागला तर मात्र गाडी हळू करा, सुरक्षित जागा बघून थांबवा आणि तशीच पुढे दामटू नका. लुकलुकणं म्हणजे बहुतेक वेळा जोरदार मिसफायर. एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल पेटतच नाही आणि तसंच सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापतो आणि आतून वितळूही शकतो. मग खरोखरच १८ हजार स्वस्त वाटायला लागतात. अण्णांनी मिरजेपासून घरापर्यंत तशीच आणली होती. आबा गाडीत असताना दुसरं करणार तरी काय, हेही खरंच.

डोंगल म्हणजे नक्की काय

स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वरच्या बाजूला १६ पिनांचा एक सॉकेट असतो. तो ओबीडी-२ पोर्ट. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून तो सक्तीचा झाला. आपल्याकडे बीएस-४ च्या नियमांत ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आलं. आमची गाडी २०१५ ची, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे तिच्यात पोर्ट आहेच.

या पोर्टला ब्लूटूथचा डोंगल लावायचा आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं ॲप टाकायचं. बाजारातल्या बहुतेक स्वस्त डोंगलवर ईएलएम३२७ असं छापलेलं असतं. मूळ चिप एका कॅनडियन कंपनीची, आपल्या हातात येतात त्या बहुधा नकला. नकला साध्या कामाला चालतात, काही महागातली माहिती मागितली की अडखळतात. अँड्रॉइडवर पेअरिंगचा पिन १२३४ किंवा ०००० असतो. आयफोनवाल्यांनी विकत घेण्याआधी बघून घ्या, जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचे डोंगल आयफोनवर चालत नाहीत. ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवाला लागतो.

परमिशनचं बोलायचं तर अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आहे. त्याआधीच्या फोनवर लोकेशन मागितलं जातं, ते ब्लूटूथ स्कॅनिंगसाठीच असतं. पण गाडीचं ॲप कॉन्टॅक्ट मागायला लागलं तर ते काढून टाका आणि दुसरं शोधा.

आत काय चालतं ते मला भारी आवडतं, म्हणून थोडक्यात. फोन गाडीला सोळा-अंकी पद्धतीत प्रश्न विचारतो. '०१ ०सी' म्हणजे आरपीएम किती? उत्तर येतं, '४१ ०सी ०डी ४८'. पहिले दोन भाग म्हणजे "तू जे विचारलंस त्याचं उत्तर", शेवटचे दोन म्हणजे आकडा. ०डी म्हणजे १३, ४८ म्हणजे ७२. १३ गुणिले २५६ अधिक ७२ म्हणजे ३४००, त्याला ४ ने भागलं की ८५० आरपीएम. ॲपमध्ये जो सुंदर काटा फिरताना दिसतो, त्याच्या मागे एवढंच गणित आहे.

बिघाडाचे कोड विचारायचे तर '०३'. मला उत्तर आलं, '४३ ०१ ०३ ०२'. एक कोड आहे, पी०३०२. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, पुढचा ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड, ३ म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर आणि ०२ म्हणजे दुसरा सिलिंडर.

आता इथे नीट वाचा. कोड म्हणतो, दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय. कॉईल गेली असं तो म्हणत नाही. त्याला ते कळूच शकत नाही. ईसीयू फक्त क्रँकशाफ्ट किती वेगाने फिरतोय ते मोजत असतो. प्रत्येक स्फोटागणिक त्या वेगाला छोटा धक्का मिळायला हवा. दुसऱ्याच्या पाळीला धक्का आला नाही की त्याची नोंद होते. का आला नाही, हे शोधणं आपलं काम.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एरर मेसेज नीट वाच असं ऑफिसमध्ये ज्युनिअरना सांगत असतो. त्या रात्री मी काय केलं? "पी०३०२ म्हणजे काय" असं सर्च केलं, पहिल्या तीन व्हिडिओंत कॉईल बदलताना दाखवली, आणि मी रात्री अकराला ऑनलाईन कॉईल मागवून मोकळा झालो. वर कोड क्लिअरही करून टाकला. कोडसोबत ईसीयू एक फ्रीझ फ्रेम जपून ठेवतो, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम, वेग, इंजिनचं तापमान किती होतं त्याचा स्क्रीनशॉट म्हणा. क्लिअर केलं की तोही जातो. तुम्ही क्लिअर करण्याआधी प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या, एवढं तरी करा.

ठिणगीचा प्रवास

बॅटरी १२ व्होल्टची. स्पार्क प्लगच्या टोकाला साधारण १ मिलिमीटरची फट असते, आणि दाबलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून त्या फटीत ठिणगी उडवायला २० हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात. ही उडी कॉईल मारून देते. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात, एक कमी फेऱ्यांचं, दुसरं त्याच्या साधारण शंभरपट फेऱ्यांचं. पहिल्यातून करंट सोडून चुंबकत्व तयार करायचं आणि अचानक करंट तोडायचा. चुंबकत्व कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड व्होल्टेज उभं राहतं. कधी तोडायचं ते ईसीयू ठरवतो. गाडी नुसती उभी असताना ८०० आरपीएमलाही प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा हे घडतं.

आमच्या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल आहे. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी बिघडायला चार जागा: प्लग, कॉईल, कॉईलपर्यंत येणाऱ्या वायरी आणि शेवटी ईसीयू. त्याशिवाय इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन आहेतच, पण ते इग्निशनच्या बाहेरचे.

जाता जाता एक. गाडी सीएनजीवर असेल आणि पेट्रोलवर बरी चालून सीएनजीवरच आचके देत असेल, तर प्लग आणि कॉईलवर आधी संशय घ्या. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर झालेली ठिणगी तिथे आधी उघडी पडते.

अदलाबदलीची परीक्षा

रविवारी सकाळी डोकं ठिकाणावर आलं. घरी करता येण्यासारखी सगळ्यात चांगली चाचणी फुकट आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्याला लावायची, तिसऱ्याची दुसऱ्याला. कोड क्लिअर करायचा, गाडी चालवायची. आता पी०३०३ आला तर बिघाड कॉईलसोबत सरकला, म्हणजे कॉईल दोषी. पी०३०२ च राहिला तर कॉईल निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कॉईल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले तर उत्तर काय आलं ते कळणार नाही.

इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि इंजिन गार झालेलं हवं. चालू इंजिनवर कॉईल उपसून "ठिणगी बघू" हा प्रकार करू नका. त्यात जबर झटका बसतो, पेसमेकर असलेल्या माणसाने तर जवळही उभं राहू नये. कॉईलला १० चा एक बोल्ट असतो. कनेक्टरचं लॉक दाबून काढायचं, वायर ओढून नाही. आठ-नऊ वर्षं उष्णता खाल्लेलं प्लास्टिक पापडासारखं तुटतं.

बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या कव्हरवर बेदाण्याचे चार-पाच दाणे दिसले. मी ते झटकून टाकले आणि कामाला लागलो. ही गोष्ट लक्षात ठेवा.

अदलाबदल केली, स्टार्टर मारला आणि गाडी एकदम मऊ चालायला लागली. तासभर काही नाही. मला वाटलं कनेक्टर सैल असणार, बसला. अण्णांना सांगूनही टाकलं. मग गावाबाहेर चक्कर मारायला गेलो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर आचका. दिवा. पी०३०२. म्हणजे कॉईल निर्दोष होती आणि पुण्याच्या कुठल्यातरी गोदामातून माझे पैसे घेऊन दुसरी निघाली होती.

दुपारी प्लगची अदलाबदल. प्लग काढायला आत रबर असलेला प्लगपानाच वापरा, आणि बसवताना आधी बोटांनी आटे लावून घ्या, पाना शेवटी. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्चाचा आकडा बदलतो. निघालेल्या प्लगचं टोक बघायला विसरू नका. फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर ठीक, काळी काजळी म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही, ओलं तेलकट म्हणजे तेल आत येतंय. आमचा दुसरा प्लग काळा होता, पण ठिणगीच नसेल तर तो काळा होणारच. तो तिसऱ्याला लावला आणि तिथे तो मुकाट्याने काम करू लागला. कोड पुन्हा पी०३०२. सोबत यावेळी पी०१७१ सुद्धा आला, म्हणजे "मिश्रणात हवा जास्त". हा चकवा आहे. न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर जातो, ऑक्सिजन सेन्सरला तो दिसतो आणि ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. हा कोड बघून सेन्सर बदलणारेही भेटतील. मिसफायर असेल तर आधी मिसफायर मिटवा.

मीटर खोटं बोलला नाही, मी प्रश्न चुकीचा विचारला

उरल्या वायरी आणि ईसीयू. कॉईलच्या कनेक्टरला तीन पिना: एक १२ व्होल्ट, एक अर्थ, एक ईसीयूचा इशारा. किल्ली फिरवली, इंजिन चालू न करता मल्टिमीटर लावला. दुसऱ्या कनेक्टरवर १२.४ व्होल्ट, तिसऱ्यावर १२.४. सारखेच. झालं, वायर ठीक. संध्याकाळी पाच वाजता मी ओट्यावर बसून ईसीयूच्या किमती बघत होतो, आणि गॅरेजवाला बरोबर असावा असं मला मनापासून वाटायला लागलं होतं.

अण्णा गोठ्यातून आले. म्हणाले, "मीटर कशाला लावतूस? बल्ब लाव की." त्यांनी ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा जुना २१ वॅटचा बल्ब आणला, त्याला दोन वायरी आधीच जोडलेल्या होत्या. वीस वर्षं ट्रॅक्टरच्या वायरिंगशी भांडलेला माणूस. तिसऱ्या कनेक्टरच्या १२ व्होल्ट आणि अर्थ या दोन पिनांना लावला, लख्ख पेटला. दुसऱ्याला लावला तर नुसता तांबूस निखारा.

का ते समजून घ्या, फोनमुळे लगेच कळेल. तुटत आलेली चार्जिंग केबल लावली की चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण टक्के वाढत नाहीत. मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना वायरमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे एक तंतू शिल्लक असला तरी त्याला पूर्ण १२.४ दिसतात. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. कॉईल क्षणभर त्याहून कितीतरी जास्त मागते. वायरीचा खरा चेहरा भार टाकल्यावर दिसतो. फक्त एक जपा: बल्ब ईसीयूच्या इशाऱ्याच्या पिनेला चुकूनही लावू नका, ईसीयूचं सर्किट जळू शकतं. आणि दोन पिनांची कॉईल असेल तर त्यातली एक पिन थेट ईसीयूकडे जाते, तिथे ही युक्ती करूच नका. कुठली पिन कशाची हे त्या मॉडेलच्या वायरिंग डायग्रामवरून ठरवा, अंदाजाने नाही.

मग बल्बचं एक टोक १२ व्होल्टच्या पिनेला ठेवलं आणि दुसरं सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. तरी मंदच. म्हणजे अर्थ ठीक, पॉझिटिव्हची वायर खराब. अण्णांनी बल्ब धरला आणि मी वायरीचा जुडगा मागे मागे हलवत गेलो. कनेक्टरपासून हातभर मागे, हवेच्या पाइपाखाली, एका जागी हात लागला आणि बल्ब विझला. सोडला, पेटला.

तिथलं काळं आवरण कुरतडलेलं होतं. आत तांब्याचे दोन-तीन तंतू, तेही हिरवे पडलेले, एकमेकांना नुसते टेकलेले. शेडमध्ये गाडीशेजारीच घरापुरत्या ठेवलेल्या बेदाण्याच्या पेट्या. इंजिन ऊबदार, बाहेर पाऊस, आणि खाऊ शेजारी. उंदराला दुसरं काय पाहिजे? मी सकाळी झटकलेले ते दाणे अण्णांना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त बघत राहिले.

दुरुस्ती

बॅटरीचा निगेटिव्ह काढला. खराब भाग दोन्हीकडून स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापला, मध्ये तेवढ्याच जाडीची वायर जोडली, सोल्डर केली. हीट श्रिंक ट्यूब सोल्डर करण्याआधी वायरीत ओवून ठेवायची असते. मी विसरलो, म्हणून एक जोड पुन्हा करावा लागला. नुसती पिळून काळी टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होऊन सुटतो. वरून नवीन आवरण चढवलं आणि जुडगा टायने पक्का बांधला, म्हणजे थरथरून जोड पुन्हा तुटणार नाही. वायर, ट्यूब, आवरण, सगळं मिळून १४० रुपये. बल्ब पुन्हा लावला, लख्ख.

सोमवारी सांगलीला जाऊन आलो, मुद्दाम प्रत्येक स्पीडब्रेकर घेत. काही गाड्यांत ॲपच्या 'मोड ०६' मध्ये प्रत्येक सिलिंडरने किती वेळा मिसफायर केला ते दिसतं. आमच्यात दिसलं, चारही शून्य.

हे सगळं वॉरंटीतल्या गाडीवर करू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. पेट्रोलचा वास येत असेल तर बॉनेटखाली कसलीही चाचणी नको. आणि अदलाबदल करूनही कळलं नाही, तर निदान "दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर आहे, कॉईल आणि प्लग तपासून झालेत" एवढं मेकॅनिकला सांगा. आमच्या गॅरेजवाल्याचा अंदाजही अगदी हवेतला नव्हता. ईसीयूचा एकच भाग जाऊन एकच सिलिंडर बंद पडू शकतो. पण तो यादीत शेवटी यायला हवा होता, त्याने पहिला घेतला. मीही कॉईल तशीच घेतली होती.

मंगळवारी पहाटे साडेपाचला अण्णा आबांना घेऊन निघाले आणि वेळेत पोचले. पेट्या आता माळ्यावर आहेत. कॉईल बुधवारी आली, इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत म्हणून डिकीत पडून आहे. डोंगल मी तिथेच ठेवून आलो. त्याच्या पोर्टला गाडी बंद असतानाही बॅटरीचा करंट येत राहतो, म्हणून रात्री काढून ठेवा असं अण्णांना बजावलंय. ते मला आता व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवतात. कालचा होता कूलंटचा, ९१ अंश. खाली लिहिलं होतं, "बरोबर हाय न्हवं?"

बरोबर आहे, अण्णा.